तीन ग्रॅमची बातमी

पंखांचे पाहुणे : लेखांक ९

शिकागोतले उन्हाळ्यातले दुपारचे दोन म्हणजे आपले रात्रीचे साडेबारा. अमेरिकेतल्या पक्षिवैद्यांची ऑनलाइन व्याख्यानं ऐकायची सवय लागल्यापासून हा हिशेब मला पाठ झालाय. हिवाळ्यात तिथली घड्याळं तासभर मागे जातात आणि आपलं जागरण दीडवर जातं. घरातले झोपलेले, पिंजऱ्यावर चादर टाकलेली, कानात हेडफोन, आणि पडद्यावरच्या डॉक्टरीणबाई शांतपणे सांगताहेत की पिंजऱ्याच्या तळाशी कोरा पांढरा कागद घाला, म्हणजे शीट नीट दिसेल. रंगीत छापील कागद नको. आमच्या पिंजऱ्यात तेव्हा रविवारची रंगीत पुरवणी घातलेली होती. म्हणजे जवळजवळ हीच, जी आत्ता तुमच्या हातात आहे.

मागच्या आठवड्यात पिसं गळण्यावर लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांतून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा डोकावत होता: आमच्याकडे पक्ष्यांचा डॉक्टर नाही, मग ही तज्ज्ञांची ऑनलाइन व्याख्यानं ऐकून भागेल का?

उपचारासाठी नाही भागणार. पण आपल्या पक्ष्याकडे बघावं कसं, हे शिकायला इतकं चांगलं साधन मला तरी दुसरं सापडलेलं नाही. आणि पाळलेल्या पक्ष्याच्या बाबतीत निम्मी लढाई या बघण्यावरच ठरते.

डॉक्टर मिळत नाही, ही तक्रार खरीच आहे. आपल्याकडचा पशुवैद्यकाचा विद्यार्थी गाय, म्हैस, शेळी शिकतो. पक्षी म्हणून त्याच्या वाट्याला मुख्यतः कोंबडी येते. शेतीच्या देशात ते रास्तही आहे. शहरात कुत्र्यामांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली झाले, पण ३५ ग्रॅमचा बजी घेऊन गेलात तर डॉक्टर आधी तुमच्याकडे बघतो आणि मग त्याच्याकडे. त्यालाही दोष देता येत नाही. पक्ष्याच्या अंगातलं रक्त वजनाच्या साधारण दहा टक्के असतं आणि निरोगी पक्ष्याचंही वजनाच्या एक टक्क्याहून जास्त रक्त एका वेळी काढायचं नसतं. बजीच्या बाबतीत हे फार तर सात थेंब भरतात. तेवढ्यात तपासणी उरकायची आणि तोवर पक्ष्याने भीतीनेच मान टाकायची नाही, हे स्वतंत्र कसब आहे. अमेरिकेत पक्षिवैद्यांची स्वतंत्र संघटना १९८० साली उभी राहिली. आपल्याकडे असे डॉक्टर मुंबई-पुण्यासारख्या शहरांत थोडेफार सापडतात. बाकी महाराष्ट्र दूरध्वनीवर. २०२० साली सगळंच जग खिडकीएवढ्या चौकटीत आलं, तेव्हा ही तज्ज्ञ मंडळीही त्या चौकटीत आली आणि नंतरही पुष्कळशी तिथेच राहिली. सांगली-साताऱ्याच्या माणसाचा त्यात फायदा झाला.

या चौकटीत बोलणारे सगळे वैद्यच असतात असं नाही. वर्तनाचे अभ्यासक असतात, शास्त्रज्ञ असतात, पक्ष्यांना शिकवणारे असतात. युटा स्टेट विद्यापीठात मानसशास्त्र शिकवलेल्या सुसान फ्रीडमन यांचं बोलणं एकदा तरी ऐकावं. ‘पोपट रागीट आहे’, ‘खुनशी आहे’, ‘हट्टी आहे’ ही आपली वाक्यं त्या सरळ बाजूला ठेवायला लावतात. चावण्याच्या आधी काय घडलं आणि चावल्यानंतर काय घडलं, एवढं लिहा, म्हणतात. मी लिहिलं. चावण्याआधी दर वेळी मी आमच्या कॉकटीलच्या वाटीत हात घालत होतो. चावल्यावर दर वेळी हात मागे घेत होतो. कॉकटील शहाणा होता. त्याला हवं ते मिळत होतं.

आयरीन पेपरबर्ग यांचं नाव पक्षी पाळणाऱ्यांच्या तोंडी आदराने येतं, ते अ‍ॅलेक्समुळे. मुळात त्या रसायनशास्त्राच्या. १९७७ साली त्यांनी शिकागोतल्या एका दुकानातून साधारण वर्षभराचा करडा आफ्रिकी पोपट आणला आणि पुढची तीस वर्षं त्याच्याबरोबर काम केलं. अ‍ॅलेक्स पन्नासएक वस्तू, सात रंग, पाच आकार ओळखून सांगायचा, सहापर्यंत मोजायचा. ६ सप्टेंबर २००७ ला वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो गेला. आपल्याकडे ही गोष्ट ऐकली की लोक विचारतात, माझा पोपट कधी बोलेल? मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. अ‍ॅलेक्सला शिकवताना दोन माणसं त्याच्यासमोर एकमेकांशी बोलायची. एक विचारी, दुसरा उत्तर देऊन वस्तू मिळवी. पक्षी बघत बसे आणि मग त्यालाही त्या बोलण्यात शिरायचं असे. आणि तोच तोच प्रश्न विचारून कंटाळा आला की अ‍ॅलेक्स चुकीची उत्तरं द्यायचा. इतका जागा प्राणी आपण हॉलच्या कोपऱ्यात टांगतो, दिवसभर ऑफिसला जातो आणि परत आल्यावर त्याने छातीची पिसं का उपटली म्हणून विचारतो.

मध्यंतरी पक्ष्यांनाच एकमेकांना व्हिडिओ कॉल करायला शिकवलं होतं. अमेरिका आणि स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी १८ पोपट निवडले. पक्ष्याने घंटी वाजवायची, मग टॅब्लेटवरच्या चित्रांतून कोणत्या पोपटाशी ‘बोलायचं’ ते चोचीने निवडायचं. २०२३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा वर्तमानपत्रांतून फार गोड बातम्या आल्या. मात्र त्या गोडव्यात एक तपशील हरवला: कॉल जास्तीत जास्त पाच मिनिटांचे होते, प्रत्येक वेळी मालक शेजारी बसून होता आणि पक्षी घाबरला किंवा कंटाळला की पडदा लगेच बंद व्हायचा. पिंजऱ्यासमोर मोबाइल टेकवून दिवसभर पोपटांचे व्हिडिओ लावून ठेवणं म्हणजे तो प्रयोग नव्हे.

आता वजनाकडे येतो. या सगळ्या व्याख्यानांतून एकच गोष्ट घ्या म्हटलं तर मी ती घेईन.

आमचा पहिला बजी हिरवा होता. नाव अर्थातच मिठू. रविवारी तो नेहमीसारखा चिवचिवत होता, सोमवारी जरा गप्प वाटला, मंगळवारी सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला सापडला. वाटीत दाणे काठोकाठ दिसत होते. हातात घेतला तेव्हा छातीच्या मधोमध असलेलं उभं हाड सुरीच्या पात्यासारखं बोटाला लागलं. दोन्ही बाजूंचं मांस संपलेलं होतं. हे दोन दिवसांत होत नाही, त्याला आठवडे लागतात. आणि ती वाटी? वर फुंकर मारली तर सगळं टरफल उडालं. खाली जेमतेम चिमूटभर दाणे होते. बजी दाणा सोलून खातो आणि टरफल तिथेच टाकतो. भरल्या वाटीपाशी तो उपाशी होता. की दाणा सोलण्याचीही ताकद नसल्याने नुसता चोच चालवत होता? ते मला कधीच कळणार नाही.

पुढे अनेक वर्षांनी एका व्याख्यानात याची उकल झाली. बजी, कॉकटील, पोपट हे सगळे दुसऱ्याच्या तोंडचे घास. थव्यात जो लंगडतो, मागे राहतो, त्याच्यावर ससाण्याची नजर पहिली पडते. म्हणून आजार लपवणं त्यांच्या रक्तात आहे. उभं राहता येतंय तोवर पक्षी उभा राहतो, तुम्ही खोलीत शिरलात की पिसं चापून चोपून बसवतो आणि तुमची पाठ वळली की पुन्हा फुगतो. आपल्या डोळ्यांना तो आजारी दिसतो तेव्हा बहुतेक वेळा लपवण्याची ताकद संपलेली असते. त्यात पिसांचा कोट. आत शरीर झिजत असतं आणि बाहेरून आकार तोच.

तो कोट वजनकाट्याला फसवू शकत नाही. पाळीव बजीचं वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम, कॉकटीलचं ८० ते १०० च्या आसपास, करड्या आफ्रिकी पोपटाचं ४०० च्या पुढे. पण या आकड्यांपेक्षा तुमच्या पक्ष्याचा स्वतःचा आकडा महत्त्वाचा. ३५ ग्रॅमच्या बजीचं वजन साडेतीन ग्रॅमनी उतरलं तर ते दहा टक्के झाले. सत्तर किलोच्या माणसाचे सात किलो गेल्यासारखं. आणि साडेतीन ग्रॅम म्हणजे पाऊण चमचा साखर. नुसत्या डोळ्यांना ते दिसणार कसं?

त्यासाठी एका ग्रॅमपर्यंत मोजणारा, केकसाठी मैदा मोजायचा असतो तो स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरतो. त्यावर लाकडाची छोटी दांडी बसवायची, तिचं वजन शून्य करून घ्यायचं आणि पक्ष्याला राळ्याच्या कणसाची लालूच दाखवून वर बोलवायचं. पकडायचं नाही. पहिले चार-पाच दिवस तो येणारच नाही, काट्याकडे साप बघावा तसा बघेल, बघू द्यावं. वेळ सकाळची, पहिली शीट झाल्यावर आणि खाण्याआधी. आकडा वहीत. इतकंच. पक्षी नवा असेल किंवा आजारातून उठला असेल तर रोज, एरवी आठवड्यातून दोनदा.

पकडायचं नाही म्हटलं, त्यामागेही शरीररचना आहे. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. बरगड्या आणि छातीचं हाड खालीवर हलतं, तेव्हाच हवा आत-बाहेर होते. भीतीने आपण मूठ घट्ट आवळली तर नाकतोंड मोकळं असूनही तो गुदमरू शकतो. त्याच्या फुप्फुसांना जोडून हवेच्या पातळ पिशव्या असतात, बहुतेक पक्ष्यांत नऊ. त्यांच्या भात्यामुळे हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहते; एकदा आत घेतलेली हवा पूर्ण प्रवास करून बाहेर पडायला दोन श्वास लागतात. उडण्यासाठी लागणारा भरपूर प्राणवायू असा मिळतो. पण हवेत जे विष असेल तेही तितक्याच चोखपणे आत जातं. ब्रिटनच्या कोळसाखाणींत विषारी वायू ओळखायला कॅनरी पक्षी नेत, ते याच कारणाने, आणि ती पद्धत थेट १९८६ पर्यंत चालली.

नॉनस्टिक भांड्यांचा विषय या व्याख्यानांत येतो तो इथे. रिकामा तवा गॅसवर राहून साधारण २६० अंशांच्या वर तापला की त्याचा लेप बिघडायला लागतो, आणि त्या वाफेने पलीकडच्या खोलीतला पोपट काही मिनिटांत दगावू शकतो. माणसाला फार तर कणकण येते. इथपर्यंत अमेरिकन डॉक्टरीणबाईंचं बरोबर. पण त्यांच्या यादीत मिरचीची फोडणी नसते. उदबत्ती, धूप, आरतीचा कापूर, डासांची कॉइल, दिवाळीतले फटाके, रॉकेलने पुसलेली फरशी नसते. हॉललाच लागून स्वयंपाकाचा ओटा असलेलं वन-रूम-किचनही त्यांनी पाहिलेलं नसतं. ही भर आपली आपण घालायची. व्याख्यान ऐकणं म्हणजे नुसतं टिपून घेणं नाही. ते आपल्या ओट्यापर्यंत आणावं लागतं.

खाण्याचंही तसंच. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर आणि राळ्या-बाजरीवर वाढवलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि चरबी साठते, हे सगळेच तज्ज्ञ सांगतात आणि ते खरं आहे. मग पडद्यावर केल येते, किन्वा येतो, आणि डोंबिवलीतला श्रोता ऑनलाइन दुकानात केलचे भाव बघू लागतो. कशाला? गाजर, लाल भोपळा, रताळं, मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, भिजवलेले राजगिऱ्याचे दाणे मंडईत मिळतात. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, कांदा, चहा-कॉफी आणि खारवलेले दाणे मात्र कटाक्षाने दूर. तिकडे हिवाळ्यात खोली उबदार कशी ठेवावी यावर अर्धा तास जातो. आपला शत्रू आहे पावसाळ्यातली ओल. बुरशी लागलेला दाणा आणि कुबट शेंगदाणा पक्ष्याच्या फुप्फुसाला आणि यकृताला घातक. जूनपासून दाणे थोडे थोडेच आणावेत, हवाबंद डब्यात ठेवावेत.

या व्याख्यानांचे यजमान पुष्कळदा खाद्य बनवणाऱ्या कंपन्या असतात, हेही डोळ्यांआड करू नये. त्यात लपवाछपवी काही नसते, वक्तेही बहुधा चांगले असतात. पण ‘नुसते दाणे पुरेसे नाहीत’ हे शास्त्र आहे आणि ‘म्हणून आमच्याच गोळ्या घ्या’ ही जाहिरात. दोन्ही वाक्यं एकाच दमात आली तर मध्ये स्वल्पविराम आपण टाकायचा.

वक्ता पारखायची माझी एकच साधी खूण आहे. प्रश्नोत्तरांत कुणीतरी हमखास विचारतं, माझा पक्षी तीन दिवस फुगून बसलाय, काय देऊ? चांगला वैद्य औषधाचं नाव सांगत नाही. म्हणतो, मी तुमचा पक्षी पाहिलेला नाही. तो आजच्या आज दवाखान्यात न्या, तोवर ऊब द्या आणि वजन लिहा. जो तिथल्या तिथे प्रतिजैविक आणि मात्रा सांगून मोकळा होतो, त्याची खिडकी बंद करावी. आपल्या दुकानांतही पिवळी पूड हातावर ठेवतात: ‘पाण्यात टाका, बरा होईल.’ आजारी पक्षी आधीच पाणी कमी पितो, कडू लागलं तर आणखी कमी. किती औषध पोटात गेलं हे ना दुकानदाराला कळतं, ना तुम्हाला. शिवाय पाण्याचा रंग बदलल्यामुळे तो पाणीच सोडतो.

आता नावांचा घोळ. आपल्या बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून जोडीने विकला जातो तो बहुतेक वेळा लव्हबर्ड नसतोच. तो ऑस्ट्रेलियाचा बजरीगर, म्हणजे बजी. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा, आखूड शेपटीचा, चोच जाड आणि स्वभाव बराच तिखट. कॉकटीलला तर निम्मा बाजार ‘कॉकटेल’ म्हणतो. त्यावर विनोद करायचा मोह मी टाळतो. पण या घोळामुळे माणूस लव्हबर्डचं व्याख्यान ऐकून येतो आणि बजीवर प्रयोग करतो. व्याख्यानाला नोंदणी करण्याआधी आपल्या घरातल्या पक्ष्याचं शास्त्रीय नाव शोधून काढा. वेळ लागत नाही.

आणि राघू. प्रत्येक व्याख्यानात भारतातून कुणीतरी कंठवाल्या हिरव्या पोपटाबद्दल विचारतं आणि परदेशी तज्ज्ञ निरागसपणे त्याचा आहार सांगतो. तिकडे तो रीतसर पाळता येणारा पक्षी आहे, लंडनच्या बागांत तर त्याचे मोकळे थवे उडतात. आपल्याकडे तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. राघू असो, मोठा पहाडी पोपट असो की मैना, रानातून आणून पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. ‘आजोबांच्या काळापासून आमच्याकडे आहे’ हे उत्तर वनखात्यापुढे चालत नाही. परदेशी जातींचंही आता तितकं मोकळं राहिलेलं नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या जातींची, म्हणजे करडा आफ्रिकी पोपट, मकाव, काकाकुवा, सन कोन्युअर यांची नोंद सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. बजी, कॉकटील आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड त्या करारात नाहीत. हे तुम्हाला शिकागोतून कुणी सांगणार नाही.

आमच्याकडे आत्ता एक करडी कॉकटील आहे. मागच्या पावसाळ्यात वहीत ९२, ९२, ९१ असे आकडे चालले होते आणि एका गुरुवारी ८८ आला. खात होती, शीळ घालत होती, पिसं व्यवस्थित. शनिवारी ८६. डॉक्टरांकडे नेली तेव्हा बायकोचा आग्रह होता की पक्षी ठणठणीत आहे आणि नवऱ्यालाच तपासून घ्यावं. गळ्यातल्या खाद्यपिशवीत बुरशीचा संसर्ग निघाला, तोही सुरुवातीचा. दहा दिवसांच्या औषधाने भागलं. डॉक्टरांनी पक्ष्याआधी वहीच बघितली आणि विचारलं, हे कुणी शिकवलं?

पुढच्या रविवारी पिंजऱ्याचा आकार आणि दांड्यांची जाडी यांवर लिहायचं आहे. त्याआधी एक काम करा. आपल्या पक्ष्याचं सात सकाळींचं वजन एका चिठ्ठीवर लिहून पाठवा. सोबत जात आणि वय. वजन आधीच उतरत असेल तर मात्र चिठ्ठी माझ्याकडे पाठवू नका, ती घेऊन डॉक्टरकडे जा.